दिल्लीतला रोजचा दिवस आणि आपला प्लॉट

(ऑगस्ट 2007 मधल्या कार्यकर्ता शिबिरातले भाषण. बोललो तसे उतरवून घेतले आहे. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकले नाही, तिथे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



आवणी उरकून, चिखलातून चालत तुम्ही आलात. तेव्हा उगाच लांबण लावत नाही. विषय आहे लोकसभेचा. तिथे रोज काय चालते, आणि त्याचा आपल्या प्लॉटशी काय संबंध.

डिसेंबर 2006 मध्ये दोन्ही सभागृहांनी वनहक्काचा कायदा मंजूर केला. 29 डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. आपण पाड्यापाड्यावर ढोल वाजवले. ऑगस्ट 2007 उजाडला. तरी गार्ड बांधावर येतो आणि म्हणतो, "तुमचा कायदा अजून लागू कुठे झालाय?" राग येतो ना? पण गार्ड जे बोलत होता ते तेव्हा कागदावर खरे होते. कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेय की केंद्र सरकार राजपत्रात जी तारीख जाहीर करेल त्या तारखेपासून तो अमलात येईल. ऑगस्ट 2007 पर्यंत ती तारीख जाहीर झालेली नव्हती. नियमांचा मसुदा जून 2007 मध्ये काढला, हरकती मागवल्या. पक्के नियम तेव्हा यायचे होते. म्हणजे भात रोवले, पण पाणी दुसऱ्याच्या बांधात अडले होते.

हे पाणी सुटायचे ते एखाद्या मोठ्या भाषणाच्या दिवशी सुटणार नाही. ते एखाद्या साध्या, रोजच्या दिवशी सुटेल. म्हणून तो रोजचा दिवस आपल्याला माहीत पाहिजे.

2006 साली लोकसभेचे स्वतःचे टीव्ही चॅनेल सुरू झाले. ज्यांच्या गावात टीव्ही आहे त्यांनी पाहिले असेल. आरडाओरडा, कागद फडकवणे, सगळे मधल्या जागेत धावत येतात, सभापती उभे राहतात, कामकाज तहकूब. लोक म्हणतात, "हे काय आपले भले करणार?" पण बाबांनो, आरडाओरड्याच्या खाली एक काम गुपचूप चालू असते. ते टीव्हीवर दिसते तेव्हा कुणी बघत नाही, कारण त्यात बघण्यासारखे काही नसते. एक मंत्री उठतो, एक ओळ वाचतो, बसतो. आपले नशीब बहुतेक वेळा त्या एका ओळीत असते.

आता दिवस सांगतो.

सकाळी अकरा वाजता घंटा होते आणि प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. रोज वीस प्रश्न तारांकित असतात. तारांकित म्हणजे प्रश्नावर चांदणीची खूण असते, मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि खासदार उलट प्रश्न विचारू शकतो. वीस प्रश्न यादीत असले तरी तासाभरात चार-पाचच होतात. त्याखेरीज रोज 230 पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. त्यांना तोंडी उत्तर नाही. उत्तर लिहून पटलावर ठेवतात. पटल म्हणजे काय? सभापतींच्या समोर सभागृहाच्या मधोमध मोठे मेज असते, ते. तिथे ठेवलेला कागद सभागृहाचा होतो. मग मंत्र्याला "मी असे म्हटलेच नव्हते" म्हणायची सोय राहत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. गोंधळ झाला, तास वाया गेला, सगळे घरी गेले, तरी ती लेखी उत्तरे पटलावर ठेवलीच जातात. आरडाओरडा तोंडी उत्तर बुडवतो. लेखी उत्तर बुडत नाही.

याचा उपयोग काय, ते आपल्याच अंगावरचे उदाहरण घेऊन सांगतो. 3 मे 2002 ला केंद्राच्या वन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवले: 30 सप्टेंबरच्या आत जंगलातली अतिक्रमणे काढा. ते पत्र कुठल्या सभागृहाने मंजूर केले नव्हते. कुणी त्यावर मत दिले नव्हते. दिल्लीतल्या एका टेबलावरून निघाले आणि देशभर हत्ती, बुलडोझर, पोलीस घेऊन जंगलात शिरले. कुणाची झोपडी मोडली, कुणाच्या उभ्या पिकात गुरे सोडली. तेव्हा प्रत्येक गाव आपलेच दुःख ओळखत होते. एकूण किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ऑगस्ट 2004 मध्ये लोकसभेत एक अतारांकित प्रश्न आला. त्याच्या लेखी उत्तरात सरकारने स्वतः आकडा दिला: मे 2002 पासून दीड लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवरची अतिक्रमणे काढली. त्या उत्तरावर सभागृहात कुणी बोलले नाही, टाळी नाही, गोंधळ नाही. पण तो आकडा देशभरातल्या संघटनांनी उचलला. प्रत्येक मोर्चात, प्रत्येक निवेदनात तो आला. आपण सांगितला असता तर म्हणाले असते, आदिवासी वाढवून सांगतात. हा त्यांच्याच हातचा होता. कायदा व्हायला जी अनेक बळे लागली, त्यात ते एक पान होते.

बारा वाजता प्रश्नांचा तास संपतो आणि कागद पटलावर ठेवण्याचे काम सुरू होते. याला पाच-दहा मिनिटे लागतात. मंत्र्यांची नावे पुकारली जातात. एकेक उठतो आणि म्हणतो, "माझ्या नावापुढचे कागद मी पटलावर ठेवतो." कुठल्या महामंडळाचा वार्षिक अहवाल, हिशेब तपासणीचा अहवाल, कुठल्या कायद्याखालची अधिसूचना, कुठले नियम. खासदार त्या वेळी एकमेकांशी बोलत असतात, काही बाहेर चहाला निघालेले असतात.

आता वनहक्क कायद्याचे कलम 14 बघा. त्यात लिहिलेय की या कायद्याखाली केलेला प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशन चालू असताना एकूण तीस दिवस ठेवला पाहिजे. त्या मुदतीत सभागृहे नियम बदलू शकतात, रद्दही करू शकतात. म्हणजे आपल्या पाड्याची ग्रामसभा दावे कशी घेणार, कोणता पुरावा चालणार, समितीत कोण बसणार, हे ज्या नियमांत लिहिलेले असते ते बारा वाजून काही मिनिटांनी, कुणाचे लक्ष नसताना, त्या मेजावर येतात. त्या दिवशी एकाही खासदाराला त्याचे महत्त्व ठाऊक नसेल तर ते तीस दिवस तसेच निघून जातात. कायद्यात अनुसूचित क्षेत्रातले गाव म्हणजे पाडा, वस्ती, असे धरलेय. नियमांत कुणी हळूच दहा पाड्यांची एक मोठी ग्रामसभा करून टाकली, तर लांबच्या पाड्यावरची बाई तिथे बोलायला कशी पोचणार? कायद्याने दिलेले नियमाने काढून घेता येते. म्हणून नियमांवर नजर.

त्यानंतर शून्य काळ. हे नाव नियमांच्या पुस्तकात नाही, रूढीने पडलेय. त्याच दिवशी सकाळी दहाच्या आत खासदाराने लेखी कळवले, आणि सभापतींनी परवानगी दिली, तर तातडीचा विषय दोन-तीन मिनिटांत मांडता येतो. कुठे गोळीबार झाला, कुठे झोपड्या जाळल्या, तर हा दरवाजा. दुसरा दरवाजा नियम 377 चा. खासदार आपल्या मतदारसंघाचा प्रश्न थोडक्यात लिहून वाचतो, आणि मग मंत्रालयाला त्याचे लेखी उत्तर पाठवावे लागते.

एक ते दोन जेवण. दुपारी विधेयके. अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या असतात. ठरलेला वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला तिथे गिलोटिन म्हणतात, म्हणजे मुंडकी उडवायचे यंत्र. नाव त्यांनीच ठेवलेय, आम्ही नाही. शुक्रवारी दुपारचे अडीच तास बिगरसरकारी विधेयकांना असतात, म्हणजे जे मंत्री नाहीत अशा खासदारांना. पण त्यावर भरवसा ठेवू नका. असे शेवटचे विधेयक 1970 साली मंजूर झाले. त्यानंतर आजवर एकही नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दिवस संपतो.

धरण्याला दिल्लीला गेलो होतो तेव्हा आमच्यातल्या काही जणांना प्रेक्षकांच्या गॅलरीचा तासाभराचा पास मिळाला. आत हू का चू करता येत नाही. खाली बघितले तर जेवणानंतरची वेळ, बाक बरेच रिकामे. नियम असा आहे की एकूण सदस्यांच्या एक दशांश हजर पाहिजेत. 2007 साली 545 सदस्य होते, म्हणजे 55 जण. तेवढे नसले आणि कुणी दाखवून दिले तर घंटी वाजवून माणसे गोळा करतात. पण बहुतेक वेळा कुणी दाखवून देतच नाही. आमच्यातली एक म्हातारी बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्या पाड्याच्या बैठकीला याच्यापेक्षा जास्त माणसे येतात." आम्ही हसलो. पण बोलली ते खोटे नव्हते. जयपालसिंग मुंडांनी डिसेंबर 1946 मध्ये घटना समितीत हेच सांगितले होते की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका.

या 543 निवडून आलेल्या जागांत 2007 साली 41 जागा अनुसूचित जमातींच्या होत्या. महाराष्ट्राच्या 48 मध्ये तेव्हा चार होत्या: नंदुरबार, धुळे, मालेगाव आणि डहाणू. हे 41 जण एकत्र उभे राहिले तरी कायदा मंजूर करू शकत नव्हते. पण 41 जण प्रश्न विचारू शकत होते, आणि प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही.

आता सगळ्यात मोठे उदाहरण. 13 डिसेंबर 2005. मंगळवार होता. हिवाळी अधिवेशन चालू होते. त्या दिवशी आदिवासी कार्य मंत्र्यांनी उठून हे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. "हो"चा आवाज झाला, विधेयक मांडले गेले. मांडणे म्हणजे मिनिट-दोन मिनिटांचे काम. त्यावर त्या वेळी चर्चा होत नाही. बाकीच्या दिवसाचे कामकाज पुढे चालू झाले.

मूळ विधेयकात काय होते? 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीपासून जमीन कसणाऱ्यालाच हक्क. ही तारीख कुठून आली? त्या दिवशी वनसंवर्धनाचा वटहुकूम निघाला होता. वटहुकूम म्हणजे संसद भरलेली नसताना राष्ट्रपतींच्या सहीने काढलेला हुकूम. मग डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे पंचवीस वर्षे आपली जमीन खरी की खोटी हे ठरवणारी तारीख, सभागृह बंद असताना पडलेली होती. आपल्यातले कितीतरी जण 1980 नंतरची दंडाची पावती घेऊन फिरत होते आणि अधिकारी म्हणत होते, "ही चालत नाही."

विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. अध्यक्ष होते किशोरचंद्र देव. समितीपुढे देशभरातल्या संघटना गेल्या, निवेदने दिली, साक्षी झाल्या. मे 2006 मध्ये समितीने अहवाल दिला. त्यात म्हटले की 1980 ची तारीख काढा आणि विधेयक ज्या दिवशी मांडले तो दिवस धरा, म्हणजे 13 डिसेंबर 2005. आदिवासींबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या इतरांनाही त्यात घ्या, असेही सांगितले. समितीने मागितलेले सगळे कायद्यात आले नाही. इतरांसाठी तीन पिढ्या, 75 वर्षांची अट घातली. कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर अशी मर्यादा ठेवली. पण तारीख बदलली.

म्हणजे बघा. मंगळवारचे मिनिट-दोन मिनिटांचे काम, ज्याकडे त्या दिवशी कुणाचे लक्ष नव्हते, आज आपल्या प्रत्येक प्लॉटची मोजणी त्या तारखेपासून होणार आहे. तुझी नागली 2005 च्या पावसाळ्यात त्या वरकसावर होती का? हा प्रश्न तुला, मला, सगळ्यांना विचारला जाणार. रोजच्या दिवसाला कमी समजू नका, ते याचसाठी.

आता करायचे काय, ते सांगतो.

पहिले, प्रश्न. 2007 साली खासदाराला प्रश्नाची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागत असे. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. तेव्हा "साहेब, आमचे काहीतरी बघा" असे म्हणून उपयोग नाही. आपणच प्रश्न लिहून नेला पाहिजे. ऑगस्ट 2007 मधला प्रश्न असा:

(अ) वनहक्क कायदा अमलात आणण्याची तारीख सरकारने ठरवली आहे काय; असल्यास कोणती, नसल्यास उशिराची कारणे कोणती;

(ब) या कायद्याखालचे नियम पटलावर कधी ठेवले जातील;

(क) नियमांत अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याची वेगळी ग्रामसभा धरली जाणार आहे काय;

(ड) कायदा लागू होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढू नये, असे राज्यांना कळवले आहे काय.

हा प्रश्न आदिवासी कार्य मंत्रालयाला जाईल, कारण हा कायदा आता त्यांच्याकडे आहे. 2002 पासून महाराष्ट्रात जिल्हावार किती कुटुंबे काढली, हा वेगळा प्रश्न तेव्हाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाला. दोन्ही मंत्रालये वेगळी. एकाच कागदात दोन्ही घातले तर दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील.

उत्तर आले की नीट वाचा. "हा राज्याचा विषय आहे" असे लिहिले असेल तर सांगा, जमीन राज्याकडे असेल, पण जंगल 1976 च्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आहे. "माहिती गोळा केली जात आहे आणि पटलावर ठेवली जाईल" असे लिहिले असेल तर कागद फेकू नका. हे उत्तर तिथल्या नियमाने आश्वासन धरले जाते. सरकारी आश्वासनांची एक समिती आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हायला पाहिजे. तीन महिने झाले की आपल्या खासदाराला तारखेसकट आठवण द्यायची.

दुसरे, याचिका. लोकसभेला आपण अर्ज करू शकतो. खासदारामार्फत किंवा थेट सरचिटणीसांकडे पाठवून. मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी तर्जुमा जोडून त्यावर सही करावी लागते. आणि नियमांत स्पष्ट लिहिलेय, ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो, फक्त पूर्ण नाव आणि पत्ता पाहिजे. आजवर आपले अंगठे कुठे लागले? सावकाराच्या वहीत, गार्डच्या पंचनाम्यावर, न वाचलेल्या कबुलीजबाबावर. आता ते आपण वाचून, समजून, आपल्या मागणीखाली लावू.

तिसरे, घरातले काम. दिल्लीतला कागद कितीही चांगला आला तरी दावा पाड्यावरच होणार आहे. दंडाच्या पावत्या, जुन्या केसचे कागद, मतदार यादी, रेशनकार्ड, एकसालीचे कागद सगळे पेटीतून काढा. उंदराने कुरतडायच्या आत प्लॅस्टिकमध्ये घाला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी घाबरू नये. म्हाताऱ्यांना घेऊन शेताला फेरी मारा. जुना बांध, विहीर, देवाची जागा, पुरलेल्या माणसाची जागा, लावलेले आंब्याचे झाड, सगळे लिहून काढा. बायांना बरोबर घ्या. कोणत्या साली कुठे वरई होती हे त्यांनाच नीट आठवते.

काही जण विचारतील, एवढे कागद करून काय होणार? आपल्याला मोर्चा कळतो. मोर्चा सोडायला कोण सांगतेय? मोर्चा नसता तर ते विधेयक मांडलेच गेले नसते. पण मोर्चा संध्याकाळी घरी परततो. आपण घरी आल्यावर मेजावर जे कागद येतात त्यांच्यावर नजर ठेवणारे कुणीतरी पाहिजे. आजवर ती नजर फॉरेस्टवाल्यांची होती, खाणवाल्यांची होती, धरणवाल्यांची होती. त्यांची माणसे तिथे रोज असतात. आपण वर्षातून एकदा जातो.

म्हणून ठरवू या. प्रत्येक विभागातून वाचता येणारी दोन मुले-मुली नेमा. अधिवेशन चालू आहे तोवर खासदाराच्या तालुक्याच्या कार्यालयात आठवड्यातून एकदा जायचे. या आठवड्यात आदिवासी आणि वन मंत्रालयाची कोणती उत्तरे आली, कोणते कागद पटलावर ठेवले, ते मागायचे. मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. आणलेला कागद पाड्याच्या बैठकीत वाचायचा, आपल्या बोलीत समजावून सांगायचा. वारली, कोकणा, ठाकरी, जी असेल तिच्यात. ज्याला कळले नाही त्याने हात वर करून विचारायचे. आपल्या सभागृहात प्रश्न विचारायला आधी सूचना लागत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने तीन गोष्टी आणायच्या आहेत: नेमलेल्या दोघांची नावे, याचिकेवरच्या सह्या-अंगठे पूर्ण नाव-पत्त्यासह, आणि 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या प्लॉटधारकांची यादी. यादीत विधवा बाया, एकट्या राहणाऱ्या बाया आणि कामासाठी वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे सुटता कामा नयेत. ते इथे नाहीत म्हणून त्यांची जमीन इथून जाते.

जिंदाबाद!